‘तठे कोनी शे का?’ : एका रेडिओ दुर्बीणवाल्याचं उत्तर

ताई, मार्गशीर्ष अमावास्येला तुमच्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन झालं, तेव्हा निघताना तुम्ही हातात एक चिठ्ठी दिली होती. त्यात लिहिलं होतं, “विश्वात माणसापेक्षा प्रगत, बुद्धिमान जीव आहेत का? मुलं रोज विचारतात. हो की नाही, एका वाक्यात सांगता येईल का?” त्याच रात्री दुर्बिणीला डोळा लावून उभ्या असलेल्या एका आजींनी मान वर न करता तोच प्रश्न अहिराणीत विचारला होता: “भाऊ, तठे कोनी शे का?” म्हणजे ‘तिथे कुणी आहे का?’ मागे साठ मुलांची रांग होती, म्हणून मी “अजून सापडलं नाही, आजी” एवढंच बोललो. ते उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेलं आता लिहितो.

पुरावा आज शून्य आहे. एक ग्रह नाही, एक संदेश नाही, एक तुकडासुद्धा नाही. पुराव्याच्या पुढे जाऊन माझा अंदाज विचाराल तर साधे, सूक्ष्म जीव बऱ्याच ठिकाणी असावेत, रेडिओ बांधणारी बुद्धी मात्र फार विरळ असावी. आणि असं कुणी कधी सापडलंच, तर ते आपल्यापेक्षा जुनं आणि पुढचंच असेल, हे मी जवळजवळ खात्रीने सांगतो. ‘आहेत का’ ते माहीत नाही आणि ‘असतील तर पुढचे असतील’ याची खात्री, हे ऐकायला विचित्र वाटतं. म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

माझा जन्म चाळीसगाव तालुक्यातला. नोकरीची तीस वर्षं रेडिओ दुर्बिणींच्या रिसीव्हरवर गेली, त्यातली बहुतेक नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटीवर. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तिचं मुख्य काम दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह), स्पंदक आणि हायड्रोजनचे ढग यांचा अभ्यास करणं. परग्रहवासी शोधण्यासाठी ती बांधलेली नाही. पण आकाशातून येणारा अतिक्षीण आवाज आणि आपल्याच घरातला गोंगाट वेगळा कसा काढायचा, हे तिथे हाताला शिकायला मिळालं. या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कामात दडलेलं आहे.

त्या रात्री आठच्या सुमारास मी मुलांना तिमिंगल समूहातला एक फिकट तारा दाखवला होता. टाऊ सेटी. बरीच मुलं हिरमुसली, कारण शनीसारखं कडं नाही, गुरूसारखे चंद्र नाहीत. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला तो तारा पाहिला की आत काहीतरी हलतं. १९६० साली फ्रँक ड्रेक या तरुण खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या २६ मीटरच्या तबकडीचं तोंड याच ताऱ्याकडे वळवलं आणि कान लावला. दुसरा तारा होता एप्सिलॉन एरिडानी. माणसाने ‘तठे कोनी शे का?’ हे उपकरणाने विचारलं ते त्या दिवशी. टाऊ सेटी सुमारे १२ प्रकाशवर्षं दूर आहे. तुमच्या सहावीतल्या मुलांनी त्या रात्री पाहिलेला प्रकाश ती मुलं जन्मली त्या सुमारास तिथून निघाला होता. हे सांगितल्यावर रांगेतली एक मुलगी परत शेवटी जाऊन उभी राहिली, पुन्हा बघायला.

ड्रेकने कान लावला तो १४२० मेगाहर्ट्झवर. हायड्रोजनचा अणू स्वतःहून ज्या लहरीवर बोलतो ती ही, लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे आपली एक वीत. विश्वात सगळ्यात जास्त असलेलं मूलद्रव्य हायड्रोजन, तेव्हा ज्याला रेडिओ कळतो त्याला ही वीत माहीत असणारच, असा त्यामागचा विचार. त्याला काहीच ऐकू आलं नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत त्याच्या लाखो पटींनी सरस यंत्रांनी हजारो ताऱ्यांकडे कान लावले गेले. खात्रीचं असं एकही नाही.

‘विचित्र सिग्नल मिळाला’ अशी बातमी दर दोन वर्षांनी येते. ती वाचताना मला माझीच एक रात्र आठवते. नोकरीची पहिली-दुसरी वर्षं होती. नोंदींमध्ये ठोके दिसायला लागले. इतके नेमके की अंगावर काटा आला. मी वेळ मोजली, दहा मिलिसेकंद. पुन्हा मोजली, दहाच. अर्धा तास मी कुणाशी बोललो नाही. मग वरिष्ठांना उठवलं. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, “दहा मिलिसेकंद ना? आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, आणि प्रत्येक हेलकाव्यात दोनदा ठिणगी पडते. जा, खांब शोध.” दुसऱ्या दिवसापासून मी आणि एक वायरमन हातात छोटा अँटेना घेऊन द्राक्षांच्या आणि उसाच्या शेतांमधून हिंडलो. आवाज वाढेल तिकडे जायचं, कमी झाला की मागे फिरायचं. तिसऱ्या दिवशी एका वस्तीजवळच्या खांबावर तारेचा एक सैल जोड सापडला, वारा आला की ठिणग्या टाकणारा. पाऊस पडला की तोच जोड गप्प बसायचा, म्हणून आधीच्या आठवड्यात काही दिसलं नव्हतं.

आकाशातून येणारा सिग्नल किती क्षीण असतो हे कळावं म्हणून एवढंच सांगतो: चंद्रावर एखादा साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर आपल्या रेडिओ दुर्बिणींच्या दृष्टीने तो आकाशातल्या ठळक स्रोतांमध्ये जाऊन बसेल. अशा कानाला शेजारच्या शेतातली ठिणगी म्हणजे ढोल आहे.

म्हणून आमच्याकडे काही कसोट्या असतात. पहिली, तोंड फिरवून बघणं. ताऱ्याकडे पाच मिनिटं, बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे पाच मिनिटं. तोंड फिरवल्यावरही आवाज येत राहिला तर तो ताऱ्याचा नव्हे, आपला. दुसरी कसोटी जास्त सुंदर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून दूरच्या स्रोताची वारंवारिता मिनिटामिनिटाला किंचित सरकली पाहिजे. रेल्वे फाटकापाशी इंजिन जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तसंच. आपल्याच जमिनीवरचं यंत्र मात्र आपल्यासोबतच फिरतं, त्याचा सूर असा सरकत नाही. तिसरी कसोटी, दुसऱ्या ठिकाणच्या दुर्बिणीलाही ते दिसलं पाहिजे.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३७ सेकंदाला येणारे ठोके सापडले. त्यांच्या गटाने त्याला थट्टेने का होईना, ‘लिटल ग्रीन मेन’ असं टोपणनाव दिलं होतं. पण ते ठोके ताऱ्यांबरोबर उगवत आणि मावळत होते, आणि पुढे आकाशाच्या वेगळ्याच भागात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोक एकाच पद्धतीने कशाला हाक मारतील? तो निघाला स्पंदक, मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. १९७७ मध्ये ओहायोतल्या दुर्बिणीला ७२ सेकंदांचा एक जोरदार सिग्नल मिळाला. कागदावर त्याच्या शेजारी ‘वॉव’ असं लिहिलेलं आहे. तो पुन्हा कधीच ऐकू आला नाही, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला प्रॉक्सिमा सेंटॉरी या आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक बारीक सूर मिळाला. तो तोंड फिरवण्याच्या कसोटीला उतरला, सूर सरकतही होता. जगभर बातम्या झाल्या. २०२१ मध्ये त्याच लोकांनी स्वतः दाखवून दिलं की तो आपल्याच उपकरणांच्या लहरींचा गुंता होता. स्वतःचा एवढा मोठा शोध स्वतःच खोडणारी माणसं मुलांना जरूर सांगा. माझ्या लेखी ती शोध लावणाऱ्यांइतकीच मोठी आहेत.

उडत्या तबकड्यांबद्दल फार लिहीत नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून पेटते गोळे गेले तेव्हा मला रात्रभर फोन येत होते. ते चिनी रॉकेटचे तुकडे होते. त्यातलं एक कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात पडलेलं सापडलं. हल्ली ओळीने जाणारे दिवे दिसतात ते स्टारलिंकचे उपग्रह.

मग इतकी शांतता आहे म्हणजे कुणीच नाही, असं का म्हणू नये? कारण आपण ऐकलंय फारच थोडं, आणि आपला आवाजही फार लांब गेलेला नाही. भुसावळ ते नंदुरबार रेल्वेने साधारण पावणेदोनशे किलोमीटर. आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढी आहे असं धरा. तिची खरी रुंदी सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. आपले रेडिओ आणि टीव्हीचे सिग्नल बाहेर पडायला लागून जेमतेम शंभर वर्षं झाली, म्हणजे पृथ्वीभोवती सगळ्या बाजूंनी शंभर प्रकाशवर्षांचा गोळा. भुसावळ-नंदुरबारच्या मापात हा गोळा साडेतीनशे मीटरचा. भुसावळच्या एका फलाटाच्या लांबीतही तो मावेल. उरलेल्या सगळ्या मार्गावर आपल्या अस्तित्वाची खबर अजून पोचलेली नाही.

त्यातही एक बारकावा आहे. आपल्या लहानपणी घरात लागायची ती मध्यम लहरींवरची आकाशवाणी बहुतेक बाहेर जातच नाही. वातावरणाचा वरचा थर तिला खाली परतवतो. बाहेर गळतात त्या टीव्हीच्या, एफएमच्या आणि मुख्य म्हणजे रडारच्या लहरी. आता टीव्ही केबलमध्ये आणि फायबरमध्ये शिरला, म्हणजे काही बाबतीत पृथ्वी पूर्वीपेक्षा गप्प होत चालली आहे. जास्त प्रगत झाल्यावर जास्त मोठा आवाज येईलच, असं धरता येत नाही.

हे मला नेहमी आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला जाणवतं. तुमच्या शाळेपासून पाटणादेवी किती जवळ आहे. तिथल्या देवळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने कोरून घेतलेला शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला, त्याला दान मिळालं, असा त्यातला मजकूर. आठशे वर्षांपूर्वी आपल्या या डोंगरांच्या कुशीत बसून माणसं ग्रहांच्या गती आणि ग्रहणांच्या वेळा काढत होती. त्या काळात टाऊ सेटीवर कुणी उत्तम रेडिओ दुर्बीण लावून आपल्याकडे बघत असतं, तर त्याने नोंद केली असती: ‘पृथ्वी, शांत. बुद्धीची खूण नाही.’ आमची यंत्रं बुद्धी मोजत नाहीत, प्रक्षेपक मोजतात. म्हणून शांततेवरून ‘तिथे कुणी हुशार नाही’ असा निकाल मी देणार नाही. ‘तिथे या क्षणी कुणी मोठ्याने बोलत नाही’ इतकाच निकाल देता येतो.

आता जीवांकडे येऊ. १९९५ मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आज सापडलेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली आहे. आकाशगंगेत कमीत कमी शंभर अब्ज तारे आहेत आणि ताऱ्याला ग्रह असणं ही आता नेहमीची गोष्ट म्हणावी लागेल. जागेची चणचण नाही. रसायनांचीही नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं सापडली. पृथ्वीवर सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वी जीव होते आणि पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची. म्हणजे जमीन थोडी निवली आणि सूक्ष्म जीव हजर झाले. यावरून मला वाटतं की साधा जीव जमणं फार अवघड नसावं.

पण ‘मला वाटतं’ हे शब्द मी मुद्दाम ठेवतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती चालते, कारण शीत आपण बाहेरून, कुठूनही उचललेलं असतं. इथे शीत आपणच आहोत. जे शीत शिजलं तेच बसून भाताची परीक्षा करतंय. बाकी सगळा भात कच्चा असला तरी या एका शिताला आपण शिजलेलेच दिसणार. पृथ्वीवर जीव लवकर आला, म्हणून तो सगळीकडे सहज येतो, असं ठामपणे म्हणता येत नाही, ते या कारणाने.

दुसरं शीत कुठे मिळेल? मंगळावर मिळालं तरी माझा एक आक्षेप राहील. १८४३ मध्ये आपल्या खान्देशात, एदलाबादजवळच्या मानेगावला आकाशातून एक दगड पडला. आज एदलाबादला आपण मुक्ताईनगर म्हणतो. तो दगड डायोजेनाइट जातीचा आहे, आणि ही जात वेस्टा या लघुग्रहाच्या पोटातून आलेली मानतात. १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेला दगड तर मंगळावरचा आहे. ग्रहांची दगडमाती अशी एकमेकांच्या अंगणात पडत असते. मंगळावर जंतू सापडले तर ते आपले भाऊबंदच नाहीत हे आधी तपासावं लागेल. मला जास्त आशा आहे ती शनीच्या एन्सेलाडसची आणि गुरूच्या युरोपाची, या दोन चंद्रांची. एन्सेलाडसच्या बर्फाखाली समुद्र आहे आणि फटींमधून त्याचे फवारे अवकाशात उडतात, हे कॅसिनी यानाने २००५ पासून दाखवलं. युरोपाकडे ‘युरोपा क्लिपर’ हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं, ते २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. ते जीव शोधायला नव्हे, तिथे जीव राहू शकेल का हे तपासायला गेलं आहे. इतक्या लांब, वेगळ्या समुद्रात स्वतंत्रपणे जन्मलेला एक जंतू सापडला, तरी त्या दिवशी माझं उत्तर बदलेल. एकाच सूर्याच्या घरात दोनदा घडलं म्हणजे ते विश्वभर घडतं. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षं दूरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात जीवांशी जोडल्या जाणाऱ्या एका वायूची खूण दिसते असं सांगितलं. इतर गटांनी तीच मापं पुन्हा तपासली आणि त्यांना ती खूण पटली नाही. हा वाद चालू राहू द्या, विज्ञान असंच पुढे जातं.

जंतूपासून बुद्धीपर्यंतची वाट मात्र मला फार अरुंद वाटते. चाळीसगाव भागात विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर थरावर थर सांडलेला लाव्हा. त्याच काळात दुसरीकडे, मेक्सिकोत, दहाएक किलोमीटरचा लघुग्रह आदळला आणि डायनासोर संपले. त्याआधी त्यांनी सुमारे १६ कोटी वर्षं पृथ्वीवर राज्य केलं होतं. १६ कोटी वर्षांत त्यांच्यातल्या कुणी एक चूलसुद्धा पेटवली नाही. तो दगड चुकला असता तर आज तुमच्या विहिरीच्या काठावर कोण उभं असतं, सांगता येत नाही. निसर्ग बुद्धीकडे ओढ घेत असता तर ती अनेकदा आली असती. डोळा अनेक वंशांत स्वतंत्रपणे उगवला, पंख उगवले. रेडिओ बनवणारं डोकं ४५४ कोटी वर्षांत एकदाच आलं, तेही गेल्या तीन लाख वर्षांत. कावळा हुशार आहे, ऑक्टोपस हुशार आहे, डॉल्फिन तर आहेच. पण पाण्यात राहणाऱ्याला विस्तव मिळणार कुठून, आणि विस्तवाशिवाय धातू कसा वितळवणार? बरेच भौतिकशास्त्रज्ञ या प्रश्नात जास्त आशावादी असतात आणि जीवशास्त्रज्ञ कमी. मी यंत्रांचा माणूस असूनही या बाबतीत जीवशास्त्रज्ञांच्या बाजूने आहे.

आता त्या खात्रीबद्दल. १९६१ मध्ये ड्रेकने ग्रीन बँकला फळ्यावर एक सूत्र मांडलं. तारे किती जन्मतात, त्यातल्या किती जणांना ग्रह, किती ग्रहांवर जीव, किती ठिकाणी बुद्धी, किती ठिकाणी रेडिओ, आणि शेवटचं, अशी संस्कृती किती वर्षं टिकते. सगळे आकडे एकमेकांना गुणायचे. आधीच्या आकड्यांबद्दल माणसं तासन्‌तास भांडतात, पण सगळ्यात जास्त हेलकावा देतो तो शेवटचा. तो आपल्या लोकांना समजवायला मला एक गोष्ट फार उपयोगी पडते.

शेतीची लाईट रात्री असते तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलंय. बारा वाजता उठायचं, हातात बॅटरी घेऊन अंधारात मोटार चालू करायला जायचं. समजा अख्ख्या शिवारात रात्रभरात शंभर शेतकरी बाहेर पडले, पण प्रत्येकाने बॅटरी रात्रीतून एकदाच, एकच सेकंद लावली. कुणाला कुणाची दिसेल? बहुधा नाही. प्रत्येकाला वाटेल शिवारात मी एकटाच. आता त्यांच्यातल्या एकानेच झोपडीबाहेर दिवा टांगला, तो रात्रभर जळतोय. तुम्ही केव्हाही बाहेर या, दिसला तर तोच दिसणार.

आपण नुकती बॅटरी लावली आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींचं प्रात्यक्षिक केलं ते १८९५ मध्ये, म्हणजे रेडिओची विद्या आपल्याकडे सव्वाशे-दीडशे वर्षांची. आणि विश्व १३८० कोटी वर्षांचं. सूर्य ४५७ कोटींचा, पण आकाशगंगेत ८००-१००० कोटी वर्षांचे तारेही भरपूर आहेत. त्यांच्या ग्रहांना आपल्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षं आधी सुरुवात मिळाली. दुसऱ्या कुणी नेमकी याच शतकात, आपल्याबरोबर बॅटरी लावली असेल, ही शक्यता नगण्य. आपल्यापेक्षा मागे असलेले भास्कराचार्यांच्या काळासारखे गप्प असतील, ते आमच्या यंत्रांना ऐकूच येणार नाहीत. दोनशे वर्षं टिकून विझलेले कधीच विझून गेले. ऐकू येतील ते फक्त रात्रभर दिवा लावणारे, लाखो वर्षं टिकलेले. म्हणून सापडला तर तो आपल्यापेक्षा पुढचाच असेल. हे कुणाच्या मोठेपणाचं बोलणं नाही, साधं गणित आहे.

आणि असे दिवे फार असते तर त्यांची ऊब दिसली असती. इंजिन चालतं तिथे उष्णता बाहेर पडते, त्यातून कुणाची सुटका नाही. एखाद्या संस्कृतीने आपल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांची बहुतेक ऊर्जा वापरायला घेतली, तर ती दीर्घिका अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, किरणांत वेगळीच चमकेल. २०१५ मध्ये एका गटाने वाईज या उपग्रहाच्या नोंदींतून सुमारे एक लाख दीर्घिका याच नजरेने चाळल्या. तशी उघड खूण एकीतही मिळाली नाही. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये जेवणाच्या टेबलावर विचारलं होतं, “मग सगळे आहेत कुठे?” या प्रश्नाचं वजन मला या एक लाख दीर्घिकांनंतर जास्त जाणवायला लागलं. इथे कुणी येऊन गेलं नाही याचं मला फारसं नवल नाही. सेकंदाला सतरा किलोमीटर जाणाऱ्या व्हॉयेजर १ या यानाच्या वेगाने सगळ्यात जवळचा तारासुद्धा सत्तर हजारांहून जास्त वर्षांच्या अंतरावर आहे. पण ऊबही नाही, याचा अर्थ त्या पातळीला पोचणारे अत्यंत दुर्मिळ आहेत. किंवा प्रगती म्हणजे जास्त ऊर्जा खाणं, ही आपली समजूतच चुकीची आहे. दुसरी शक्यता मला मनापासून खरी असावीशी वाटते, पण ती माझी इच्छा आहे, पुरावा नव्हे.

मुलं हमखास विचारतात की ते आले तर आपल्याला मारतील का. त्यांना सांगा, इतक्या अंतरावरून भांडणही करता येत नाही. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एम१३ या तारागुच्छाकडे १६७९ ठिपक्यांचा एक संदेश पाठवला होता. तो पोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागतील.

आणि त्या आजी भेटल्या तर त्यांना माझ्याकडून एक सांगा. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी एकेक तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, आणि त्यात मराठी आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभेच्छा पाठवतात, असं त्यात मराठीतून म्हटलं आहे. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. अहिराणी नाही याचं मला वाईट वाटतं. पण अहिराणीच्या बहिणीच्या, म्हणजे मराठीच्या, तोंडून आपला नमस्कार सूर्याच्या ग्रहमालेबाहेर निघून गेला आहे.

पौष अमावास्येच्या आसपास मी पुन्हा येतो. त्या वेळी संध्याकाळी पावणेआठला एप्सिलॉन एरिडानी चांगला वर असेल, ड्रेकचा दुसरा तारा, साडेदहा प्रकाशवर्षांवरचा. मी येण्याआधी मुलांना तो स्वतः शोधू द्या. मृगातला खालचा तेजस्वी राजन्य धरायचा, हात पूर्ण लांब करून तिथून पश्चिमेला वीतभर जायचं, किंचित जास्तच. तिथे दोन फिकट तारे शेजारी-शेजारी दिसतील, त्यातला पश्चिमेचा तो. मैदानासमोरचा तो मोठा बल्ब मात्र बंद करून ठेवा, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मुलांना वीस मिनिटं आधी बाहेर बसवा.